पथ्य मोडल्यानंतरचा अपराधीपणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीपासून दिवाळीपर्यंतचे दोन-अडीच महिने आणि त्यापाठोपाठ येणारा लग्नसराईचा हंगाम या काळात खाण्याचे पथ्य कधी ना कधी मोडतेच. मोडल्यावर पोटापेक्षा मनालाच जास्त जड होते, आणि त्या जड मनाने माणूस जे करतो त्याचा त्रास मूळच्या दोन करंज्यांपेक्षा अधिक होतो. काय खावे आणि काय टाळावे याची चर्चा येथे ओघाने येईल तेवढीच आहे; ठरवलेले मोडल्यानंतरचे तास आणि दिवस कसे घालवावेत, याविषयीचे हे प्रश्न आहेत.

काल एका लग्नात भरपूर जेवलो. दोन महिन्यांची मेहनत वाया गेली का?

नाही, आणि हे केवळ समजूत घालण्यासाठी सांगत नाही. साधा हिशेब मांडून पाहता येतो. शरीरातील एक किलो चरबीमध्ये साधारणपणे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. रोजच्या गरजेपेक्षा काल १,००० कॅलरी जास्त पोटात गेल्या असे धरू. मसालेभातावर पडलेले तूप आणि आग्रहाच्या जिलब्या मिळून एवढी मजल सहज गाठता येते. या सगळ्याच्या सगळ्या कॅलरी चरबी म्हणून साठल्या असे मानले, तरी ती वाढ १३० ग्रॅमच्या आसपास भरते. आता दुसरी बाजू पाहा. गेले दोन महिने तुम्ही रोज ३०० कॅलरी कमी खात असाल, तर सुमारे १८,००० कॅलरींची तूट तुमच्या खात्यावर जमा आहे. त्यातून १,००० वजा झाल्या, एवढाच कालच्या जेवणाचा अर्थ.

हा हिशेब आदल्या रात्री करण्यापेक्षा सकाळी करावा. रात्री साडेअकराला, पोट तट्ट फुगलेले असताना आणि मन उलटतपासणी घेत असताना, कोणताच आकडा खरा वाटत नाही.

मग सकाळी काट्यावर दीड किलो जास्त कसे दिसले?

काट्यावर चरबीबरोबर पाणी, मीठ, आतड्यांतील अन्न असे सगळेच मोजले जाते. भात, साखर, मैदा यांतून आलेली शर्करा शरीर यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साठवते, आणि ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. काही आठवडे कमी खाणाऱ्या माणसाचा हा साठा थोडा रिकामा झालेला असतो. एका भरपूर जेवणाने तो भरतो आणि सोबत पाणीही येते. त्यात लोणचे, पापड, भजी यांच्या मिठाने आणखी पाणी अडवलेले असते. नेहमीचे जेवण सुरू झाले की यातील बहुतेक वजन तीन-चार दिवसांत उतरते. म्हणून अशा दिवसानंतर निदान चार दिवस काट्यावर उभे राहू नये. ज्या माणसाला काट्यावरचा आकडा निकालपत्रासारखा वाटतो, त्याने तर आठवडाभर काटा पलंगाखाली ढकलून द्यावा.

म्हणजे सणासुदीत कितीही खाल्ले तरी काही बिघडत नाही, असेच ना?

असा अर्थ काढणे सोयीचे आहे, पण बरोबर नाही. २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात अमेरिकेतील १९५ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत या तिकडच्या सणांच्या काळात त्यांचे वजन सरासरी ०.३७ किलोने वाढल्याचे आढळले. सणांच्या नावाने आपण जी भीती बाळगतो तिच्या मानाने ही वाढ क्षुल्लक आहे. मात्र पुढच्या महिन्यांत ती उतरलीही नाही, आणि तीच गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लक्ष्मीपूजनाच्या एका रात्री फारसे काही बिघडत नाही. फराळाचे डबे तुळशीच्या लग्नापर्यंत ओट्यावर उघडे राहतात आणि येता-जाता चिवड्याची मूठ तोंडात जात राहते, तिथे बिघडते. गंमत अशी की, त्या एका रात्रीची आपल्याला खंत वाटते आणि त्या पंधरा दिवसांची मुळीच वाटत नाही.

एकदा मोडले की ‘आता मोडलेच आहे, तर होऊन जाऊ दे’ असे का वाटते?

कारण नियम काचेसारखा केलेला असतो. तो थोडा वाकत नाही, एकदम तडकतो. ‘साखर पूर्ण बंद’ असे ठरवणाऱ्याच्या दृष्टीने अर्धा पेढा आणि पाव किलो पेढे यांत फरक उरत नाही, कारण दोन्हींनी नियम सारखाच मोडलेला असतो. दिवसातून दोनच वेळा, तेही ५५ मिनिटांच्या आत जेवायचे, ही पद्धत गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात घरोघरी पोचली. ती पाळणारे अनेक जण दुपारी चारला एक बिस्किट खाल्ले म्हणून रात्री आइस्क्रीमपर्यंत जाऊन पोचतात. तो दिवस त्यांच्या लेखी बिस्किटापाशीच बुडालेला असतो.

मानसशास्त्रात यावर जुना प्रयोग आहे. १९७५ साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि नंतर चव पाहण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम पुढे ठेवले. एरवी खाण्यावर बंधन न ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, जे स्वाभाविकच होते. सतत डाएट सांभाळणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेकनंतर उलट जास्त आइस्क्रीम खाल्ले. या वागण्याला पुढे इंग्रजीत जे नाव पडले, त्याला आपल्याकडे ‘गेलं खड्ड्यात’ हाच चपखल शब्दप्रयोग आहे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे ॲलन मार्लाट यांनीही नेमका हाच फरक दाखवून दिला : एकदा पाय घसरणे वेगळे आणि पुन्हा तळाशी जाणे वेगळे. या दोहोंमधले अंतर माणूस घसरल्यानंतर स्वतःला काय म्हणतो यावर बरेचसे ठरते. ‘आज दमलो होतो आणि समोर डबा होता’ असे म्हणणारा लवकर सावरतो. ‘मी आहेच असा, माझ्यात दमच नाही’ असे म्हणणाऱ्याजवळ सावरायचे कारणच उरत नाही.

आपल्या पूर्वजांना यातले बरेच ठाऊक असावे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच तयार झालेली नाही.

पण अपराधी वाटलेच नाही, तर ताळतंत्र सुटणार नाही का?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो विचारणारे बहुधा शिस्तीची माणसे असतात. त्यांची अशी पक्की समजूत असते की मनाची टोचणी हाच लगाम आहे आणि तो सैल सोडला की घोडा उधळेल. अनुभव आणि अभ्यास दोन्ही याच्या उलट सांगतात. २००७ साली ॲडम्स आणि लिअरी यांनी केलेल्या प्रयोगात विद्यार्थिनींना डोनट खायला दिला आणि त्यांपैकी काही जणींना ‘असे सगळेच खातात, स्वतःवर एवढे कठोर होऊ नका’ अशा अर्थाचे दोन शब्द सांगितले. त्यानंतर गोड गोळ्या पुढे ठेवल्या. एरवी खाण्याबाबत स्वतःवर सक्त बंधन घालणाऱ्या मुलींपैकी ज्यांना हे दोन शब्द ऐकायला मिळाले, त्यांनी गोळ्या कमी खाल्ल्या. ज्यांना मिळाले नाहीत, त्यांनी जास्त. न्यूझीलंडमध्ये काइयर आणि बॉइस यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना चॉकलेट केक म्हटल्यावर मनात काय येते हे विचारले होते : अपराध की आनंद? अपराध म्हणणारे पथ्याला अधिक पक्के निघाले नाहीत, आणि दीड वर्षाच्या काळात वजन टिकवण्यात तेच मागे पडले.

मराठीत या भावनेच्या छटांना वेगवेगळे शब्द आहेत, त्यांचा येथे उपयोग होतो. रुखरुख वेगळी आणि अपराधीपणा वेगळा. ‘काल तिसरी पुरणपोळी घ्यायला नको होती, रात्रभर जळजळले’ ही रुखरुख आहे. ती पोळीविषयी आहे, आणि पुढच्या वेळी दोनवर थांबायला ती मदतच करते. ‘मला स्वतःवर जराही ताबा नाही’ हा अपराधीपणा आहे आणि तो पोळीला सोडून माणसालाच धरतो. रुखरुख असू द्यावी. ती दोन दिवसांनी आपोआप जाते आणि जाताना काहीतरी शिकवून जाते. अपराधीपणा मात्र सांत्वन मागतो, आणि रात्रीच्या वेळी घरातले सर्वांत हाताशी असलेले सांत्वन पुन्हा त्याच डब्यात असते.

दुसऱ्या दिवशी कडकडीत उपवास केला तर भरपाई होईल का?

कागदावर होते, प्रत्यक्षात क्वचितच. सकाळचा नाश्ता टाळला, दुपारी फक्त ताक घेतले, की संध्याकाळी साडेसहाला घरात शिरणारा माणूस भुकेने इतका व्याकूळ झालेला असतो की ताट वाढेपर्यंत त्याला धीर धरवत नाही. मग उभ्या उभ्याच फरसाण सुरू होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा येथे ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. अन्न पुन्हा मोकळे झाल्यावर त्यांतील अनेकांना किती खाल्ले तरी तृप्ती होईना, आणि काही जण आजारी पडेपर्यंत खात राहिले. एका दिवसाचा उपवास म्हणजे सहा महिन्यांची उपासमार नव्हे. तरीही भूक दाबली की ती व्याज लावून परत येते, हे त्यातून दिसतेच.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. श्रद्धेने धरलेला एकादशीचा किंवा संकष्टीचा उपवास हा या प्रश्नाचा विषय नाही; मात्र तो नेमका कालच्या जेवणाची शिक्षा म्हणून धरला असेल, तर तो उपवास राहत नाही. आणि साबुदाण्याची खिचडी, त्यावर दाण्याची आमटी व वर तळलेले बटाट्याचे पापड, याला भरपाई म्हणण्याचे धाडस करू नये. दुसरी गोष्ट लंघनाची. अजीर्ण झाले आहे, भूकच लागलेली नाही, अशा वेळी एक जेवण सोडून देणे किंवा मऊ भात आणि मुगाचे वरण घेणे हा घरोघरचा शहाणपणा आहे. त्यात पोटाचे ऐकलेले असते. शिक्षेच्या उपवासात पोट भूक लागली म्हणून सांगत असते आणि आपण त्याला गप्प बसवत असतो.

जास्तीचे चालून किंवा जिममध्ये घाम गाळून ‘जिरवले’ तर?

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालणे चांगलेच. त्याने जेवणानंतर वाढणारी रक्तशर्करा थोडी कमी राहते आणि अंगही हलके वाटते. शतपावली म्हणतात ती हीच. पण खाल्लेल्या प्रत्येक घासाची व्यायामाने वसुली करू लागलो, की आकडे आपल्या विरुद्ध जातात. तुपाच्या एका ग्रॅमात नऊ कॅलरी असतात. म्हणजे पोळीवर ओघळलेले तीन चमचे, साधारण १५ ग्रॅम तूप, १३० कॅलरींच्या पुढे जाते, आणि तेवढ्यासाठी मध्यम वजनाच्या माणसाला अर्धा तास तरी भरभर चालावे लागते. शिवाय व्यायाम एकदा दंड झाला, की दंड नसलेल्या दिवशी तो करावासा वाटत नाही.

पुढच्या चोवीस तासांत नेमके काय करावे?

फार थोडे. त्या रात्री दात घासून झोपावे. दात घासणे हे क्षुल्लक वाटते, पण स्वयंपाकघर आता बंद झाले याची ती खूण असते. राहिलेला गोडाचा डबा स्वतः आवरू नये, घरातील दुसऱ्या कोणाला आवरायला सांगावे. डबा आवरताना ‘एवढेसेच उरले आहे’ म्हणून जे तोंडात जाते, ते जेवणात मोजलेच जात नाही. सकाळी उठल्यावर पाणी प्यावे आणि नाश्ता नेहमीच्या वेळी, नेहमीएवढाच करावा. भूक कमी असेल तर कमी. पण तो टाळू नये. दुपारी भाकरी किंवा पोळी, एखादी पालेभाजी, आमटी किंवा उसळ, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि ताक, असे रोजचे ताट पुढ्यात घ्यावे. या ताटात काही खास नसणे हेच त्याचे महत्त्व आहे. ‘डिटॉक्स’च्या नावाखाली विकले जाणारे रस आणि काढे घेण्याची गरज नाही, ते काम यकृत आणि मूत्रपिंडे विनामूल्य करत असतात.

आणि ‘सोमवारपासून पुन्हा सुरू’ असे म्हणू नये. बुधवारी मोडलेले सोमवारी सुरू करायचे ठरवले, की मधले चार दिवस आपोआप मोकळे सुटतात. बुधवारच्या दुपारी मोडले असेल, तर बुधवारच्या रात्रीचे जेवण नेहमीसारखे करावे.

पानात टाकले तर अन्नाचा अपमान, आणि खाल्ले तर पथ्य मोडते. मग करावे तरी काय?

हा पेच खास आपला आहे, आणि खाण्याविषयीची परदेशी पुस्तके वाचून तो सुटत नाही. ‘पानात टाकू नये’ हे आपण इतक्या लहानपणी ऐकलेले असते की पोट भरल्यावरही हात चालत राहतो. दुष्काळ, रेशनच्या रांगा, परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या भाकऱ्या या ज्यांनी पाहिल्या त्या पिढीने हा संस्कार दिला, आणि त्यामागे खरे दुःख होते. त्याची टर उडवणे शोभत नाही. पण त्या पिढीने ‘टाकू नये’ म्हटले होते. ‘लागेल तेवढेच वाढून घ्यावे’ हे वाक्य त्याच्या आधी होते, आणि काळाच्या ओघात नेमके तेच गळून पडले.

म्हणून निर्णय ताट संपवताना न घेता वाढून घेताना घ्यावा. घरी पातेल्यातून स्वतः वाढून घ्यावे, आधी अर्धे. पंगतीत वाढपी समोर येण्यापूर्वीच पानावर हात आडवा धरावा. वाढून झाल्यावर ‘नको नको’ म्हणण्यात अर्थ नसतो. तरीही पानात उरलेच, तर हे लक्षात घ्यावे की नको असलेला लाडू पोटात ढकलल्याने तो सत्कारणी लागत नाही. तो उष्टा नसेल तर झाकून ठेवता येतो, कुणाला देता येतो. विशेषतः मुलांच्या ताटात उरलेले संपवणाऱ्या आयांनी हे वाचावे. त्यांच्या दिवसभराच्या खाण्यात या उरल्यासुरल्या घासांचा वाटा बराच असतो, आणि तो खाण्यात गोडीही नसते.

नातेवाइकांच्या आग्रहाला नाही म्हटले, तर त्याचेही अपराधी वाटते.

आग्रह करणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा तुमच्या पोटाची नव्हे, तर आपल्या कष्टांची दाद हवी असते. मावशींनी सकाळपासून उकड काढून मोदक वळलेले असतात. अशा वेळी ‘मी गोड सोडले आहे’ हे उत्तर त्यांना मोदकाला नाकारल्यासारखे वाटते, आणि त्यावरचा युक्तिवाद तयारच असतो : ‘आजच्या दिवशी काही होत नाही.’ त्याऐवजी एक मोदक घ्यावा, सावकाश खावा, आणि कळ्या किती नाजूक आल्या आहेत, सारणात जायफळ किती बेताने पडले आहे, हे मनापासून सांगावे. दुसऱ्यासाठी ‘मावशी, आता पोटात जागा नाही, उद्या सकाळी खाईन, दोन बांधून द्या’ म्हटले, की मान राहतो आणि पोटही राहते. घरी आणलेले मोदक खायचे की वाटायचे, हे नंतर शांतपणे ठरवता येते.

डॉक्टरांचे नाव पुढे करणे हा आणखी एक उपाय आहे. त्यात थोडी लबाडी असते, पण चालते.

मी लपून खातो आणि त्याची सर्वांत जास्त लाज वाटते.

रात्री घरातले दिवे मालवल्यावर स्टीलच्या डब्याचे झाकण आवाज होऊ न देता कसे फिरवायचे, हे कौशल्य अनेकांनी मिळवलेले असते. झाकणावर एक तळवा दाबून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने डबाच हळूहळू फिरवायचा. शंकरपाळे मुठीत घ्यायचे, ओट्याशी अंधारात उभ्याने खायचे, सांडलेला चुरा पायाने बाजूला सारायचा, आणि उरलेले असे पसरून ठेवायचे की पातळी खाली गेल्याचे सकाळी कुणाच्या लक्षात येऊ नये. हे वाचून ओळखीचे हसू आले असेल, तर निदान एवढे समजून घ्यावे की तुम्ही एकटे नाही.

असे खाण्यात चव लागत नाही, कारण कान दाराकडे असतात. चव लागली नाही की समाधान होत नाही आणि हात पुन्हा डब्यात जातो. उपाय साधा आहे, पण पहिल्या वेळी जड जातो : तेच शंकरपाळे वाटीत काढावेत, दिवा लावावा, बसून खावेत. कुणी पाहिले तर पाहू द्यावे. घरात एका तरी माणसाला हे सांगून टाकावे, आणि ऐकणाऱ्याने त्यावर पाळत ठेवू नये. डब्याला कुलूप लावणाऱ्या घरांत लपून खाणे कमी होत नाही, फक्त किल्ली शोधण्याची अधिक भर पडते. पाहुण्यांसमोर ‘यांचे डाएट असते, पण रात्री बघा’ असे टोमणे मारणाऱ्यांनाही हेच सांगायचे आहे.

मला मधुमेह आहे. माझ्या बाबतीतही हेच लागू आहे का?

मनाच्या बाबतीत होय, शरीराच्या बाबतीत थोडी अधिक काळजी हवी. गोड जास्त झाले म्हणून स्वतःच्या मनाने गोळीचा दुसरा डोस किंवा इन्सुलिन वाढवू नये. तसेच दुसऱ्या दिवशी नेहमीची औषधे घेऊन उपाशीही राहू नये. काही गोळ्यांमुळे आणि इन्सुलिनमुळे अशा वेळी साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, डोके गरगरणे, बोलणे असंबद्ध होणे ही तिची लक्षणे आहेत. घरी साखर मोजण्याचे यंत्र असेल तर ते शिक्षेच्या भीतीने टाळू नये. मोजावे, लिहावे, आणि आकडा फार जास्त असेल, फार तहान लागत असेल किंवा उलट्या होत असतील, तर लगेच डॉक्टरांना विचारावे. एचबीए१सी ही तपासणी रक्तातील साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. एका दिवसाच्या श्रीखंडाने ती फारशी हलत नाही. दर रविवारच्या श्रीखंडाने हलू शकते.

तपासणीच्या आधीचे चार दिवस कडक पथ्य पाळून डॉक्टरांसमोर शहाण्यासारखे बसणारे पुष्कळ असतात. त्यात फसगत स्वतःचीच होते, कारण औषधाची मात्रा त्या चार दिवसांवरून ठरण्याची शक्यता असते.

काही आजारांत मात्र एकदा मोडणेही महागात पडू शकते, आणि ‘एका दिवसाने काय होते’ हा दिलासा तिथे देऊ नये. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला पोटॅशियम जास्त असलेली फळे किंवा शहाळ्याचे पाणी, हृदय कमकुवत असलेल्याला खारट पदार्थ, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला एखादी चिक्की, ही तशी उदाहरणे होत. असे काही खाल्ले गेले तर लाज बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना कळवावे.

आठवड्यातून एक ‘चीट डे’ ठेवावा का?

काही जणांना तो जमतो. तरी हा शब्द मुळातच पटण्यासारखा नाही. ‘चीट’ म्हणजे फसवणूक. ज्या दिवसाच्या नावातच अपराध आहे, तो दिवस निर्मळ मनाने कसा साजरा होणार? शिवाय सहा दिवस त्याचीच वाट पाहिली जाते आणि सातव्या दिवशी भूक नसतानाही ‘आज संधी आहे’ म्हणून खाल्ले जाते. त्यापेक्षा रविवारच्या जेवणात आवडीचा एक पदार्थ मुद्दाम धरावा आणि त्याला कोणतेही नाव देऊ नये.

मुलांसमोर याविषयी कसे बोलावे?

‘आज मी पाप केले, वडापाव खाल्ला’ हे वाक्य आपण विनोदाने म्हणतो. आठ-दहा वर्षांची मुले ते विनोदाने घेत नाहीत. वडापाव खाल्ला, आवडला, आता रात्री हलके जेवेन, एवढे त्यांच्यासमोर पुरते. मुलांच्या अंगावरून, पोटावरून थट्टा तर कधीच करू नये, आणि त्यांच्यासमोर स्वतःच्याही नाही.

हे सगळे करूनही सुटका होत नाही. मदत केव्हा घ्यावी?

थोड्या वेळात खूप खाल्ले जाते आणि थांबवता येत नाही, असे तीन महिने आठवड्यातून किमान एकदा होत असेल, भूक नसताना, भराभर, पोट दुखेपर्यंत खाल्ले जात असेल, शरमेमुळे एकट्याने खावे लागत असेल आणि नंतर स्वतःचा तिटकारा येत असेल, तर हा इच्छाशक्तीचा प्रश्न नसून आजार असू शकतो. त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे आणि उपचारही आहेत. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणे किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणे सुरू झाले असेल, तर वाट पाहू नये. वारंवार उलट्यांनी दातांचे आवरण झिजते, रक्तातील पोटॅशियम घटते आणि त्याचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होऊ शकतो. जुलाबाच्या गोळ्यांचा तर त्या हेतूने उपयोगही नसतो, कारण त्या मुख्यतः मोठ्या आतड्यावर काम करतात आणि अन्नातील बहुतेक कॅलरी त्याआधी लहान आतड्यातच शोषल्या गेलेल्या असतात.

अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांचीही मदत लागते. पहिले पाऊल म्हणून केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो निःशुल्क आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतूनही बोलता येते. बोलायची सुरुवात कशी करावी हे सुचत नसेल, तर ‘मला खाणे थांबवता येत नाही’ एवढे वाक्य पुरेसे आहे. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर ते लपवू नयेत. घरच्यांना सांगावे आणि त्याच दिवशी हा क्रमांक लावावा.

खाण्याची नोंद ठेवतो. मोडलेला दिवस वहीत लिहावा की सोडून द्यावा?

लिहावा, पण लाल शाईने नव्हे. अशा दिवशी वहीचे पान कोरे ठेवले जाते, दुसऱ्या दिवशीही कोरेच राहते, आणि आठवड्याभरात वही कपाटात जाते. खाल्लेल्या पदार्थांची यादी फार तपशिलाने करण्याची गरज नाही; त्यापेक्षा वेळ, जागा आणि त्याआधीचे दोन-तीन तास लिहावेत. महिन्याभराने पाने चाळली, की बहुतेक घसरणी एकाच ठिकाणी होत असल्याचे दिसते : दुपारचे जेवण चुकलेले, झोप अपुरी झालेली, कुणाशी तरी वाजलेले. नोंद अशी असावी : ‘शुक्रवार. दुपारचा डबा तसाच राहिला, बैठक लांबली. लोकलमध्ये उभ्याने दीड तास. घरी आठला, चहाबरोबर चकल्या, पाच की सहा. नंतर जेवलो नाही, दहाला परत चिवडा. शनिवारी डबा साडेबाराला खायचा, बैठक असली तरी.’